‘यू’शिवायचा ‘क्यू’

स्क्रॅबल खेळणाऱ्यांना ‘क्यू’ या अक्षराची धास्ती असते. शंभर सोंगट्यांत ‘क्यू’ एकच, त्याला गुण दहा. पण इंग्रजीत त्याच्या मागे ‘यू’ लागतो आणि ‘यू’च्या सोंगट्या अवघ्या चार. डाव संपताना ‘क्यू’ हातात राहिला तर ते दहा गुण वजा होतात. म्हणून मुरलेले खेळाडू ‘यू’ नसलेले ‘क्यू’चे शब्द शोधून पाठ करतात. ही यादी नजरेखालून घातली तर यवतमाळच्या माणसाला गंमत वाटेल. कादी, फकीर, बुरखा, निकाब, तलाक, वक्फ, कव्वाली, किब्ला, कसीदा, कलमदान आणि चक्क मुकादम! खेळाच्या अधिकृत कोशात हे सगळे ‘क्यू’ने लिहिलेले इंग्रजी शब्द आहेत.

हे कसे झाले? अरबीत ‘क’चे दोन ध्वनी आहेत. ‘किताब’मधला साधा आणि ‘कलम’मधला, जिभेचे मूळ पडजिभेला टेकवून काढलेला. दुसऱ्या अक्षराचे नाव क़ाफ. विद्वानांनी अरबी शब्द रोमन लिपीत उतरवताना क़ाफसाठी ‘क्यू’ घेतला, तो उगीच नाही. दोन्ही अक्षरे एकाच फिनिशियन अक्षराची लेकरे आहेत. एक शाखा ग्रीकांमार्फत रोमला गेली, दुसरी अरामीतून अरबीत आली. ‘यू’ची शेपटी लॅटिनने लावली. इंग्रजीत राणीचा शब्द पूर्वी ‘सी-डब्ल्यू’ने सुरू होई, नॉर्मन लेखनिकांनी तो ‘क्यू-यू’ने लिहायला लावला.

यादीत सगळेच अरबी आहे असे मात्र नाही. ‘क्यू-आय’ हा खेळाडूंचा लाडका दोन अक्षरी शब्द चिनी आहे आणि तिथे ‘क्यू’चा उच्चार ‘छ’च्या जवळ जातो.

खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स. मंदीत काम गेलेला हा अमेरिकी वास्तुविशारद. वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून त्याने कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या आणि किती गुण हे ठरवले. 1948 साली जेम्स ब्रुनोने खेळाला स्क्रॅबल हे नाव दिले. बट्सची मोजणी अमेरिकी छापील मजकुराची होती. त्यात क़ाफ कुठून असणार? म्हणून एकाच न्यायाधीशाची तीन मोले झाली. काझीचा अरबी ‘कादी’ ‘सी’ने लिहिला तर सात गुण, ‘के’ने नऊ आणि ‘क्यू’ने चौदा. फकीर ‘के’ने बारा, ‘क्यू’ने सतरा. इंग्रजांनी आधी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले, पुढे पंडितांनी अक्षराला अक्षर लावले आणि कोशाने सगळीच रूपे ठेवली. आपला ‘तालुका’ मात्र ‘के’वरच राहिला. त्याचे मूळ ‘तअल्लुक’, म्हणजे संबंध, आणि त्यात क़ाफच आहे.

यवतमाळ जिल्ह्यात असे सोळा तालुके आहेत. ‘ऐन-ए-अकबरी’त यवतमाळची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आहे. शेजारचे लोहारा गाव आजही आहे. वऱ्हाड मोगलांकडे, मग निजामाकडे आणि 1853 साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. एवढ्या काळात फारसी दफ्तराने क़ाफचे किती शब्द पेरले ते पाहा : कायदा, कर्ज, कबूल, कैद, हक्क, बाकी, किंमत, मुक्काम, नकाशा, बंदूक. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापासून सावकाराच्या वहीपर्यंत यांच्याशिवाय पान हलत नाही. मुकादम म्हणजे मूळचा ‘पुढे असलेला’, गावाचा प्रमुख. आज तो मजुरांच्या टोळीचा म्होरक्या आहे. शब्दाची पत अशी उतरते, पण शब्द जात नाही.

मराठीने क़ाफसाठी वेगळे अक्षर ठेवले नाही, नुक्ताही दिला नाही. दोन्ही ‘क’ एकात मिसळले. पण खूण पूर्ण पुसली गेली नाही. बुरखा, इलाखा, आणि खेड्यात अजून ऐकू येणारा ‘वखत’ हे तिन्ही शब्द मुळात क़ाफचे. मग ‘ख’ कुठून आला? दख्खनी बोलणारे क़ाफचा ‘ख’ करतात. हैदराबादेत आजही ‘कुर्बानी’ची ‘खुर्बानी’ होते. माझ्या मते हे शब्द मराठीत दफ्तरातून नव्हे, बाजारातून आणि शेजारातून आले. कारकुनाने ‘क’ दिला, शेजाऱ्याने ‘ख’.

हे शब्द काढून टाकण्याचे प्रयत्नही जुने आहेत. शिवरायांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशात अरबी-फारसी मुळाच्या शब्दांपुढे तशी खूण आहे. त्या खुणांची संख्या पाहिली की पर्याय किती रुजले ते कळते. सर्वांत मजेशीर उदाहरण माधव ज्यूलियन यांचे. 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश दिला आणि पुढे भाषाशुद्धीची बाजू घेऊन पुस्तकही लिहिले. शुद्धी करायची तर काय काय आले आहे हे आधी माहीत हवे, असा त्यांचा हिशेब असेल. मला त्यांचा कोश अधिक उपयोगी वाटतो. आपल्या भाषेतले ‘कायदा’, ‘हक्क’ हे शब्द कुणी परके ठरवू लागले की त्याला पर्यायी शब्दांत एक खरेदीखत लिहून दाखवायला सांगावे.

यवतमाळचे खरे नाते मात्र यादीत नसलेल्या एका शब्दाशी आहे. हा कापसाचा जिल्हा. इथल्या गाठी मूर्तिजापूरपर्यंत छोट्या ‘शकुंतला’ गाडीने जात आणि पुढे मुंबईमार्गे मँचेस्टरला. आपला ‘कापूस’ संस्कृत ‘कार्पास’वरून आला, इंग्रजांचा ‘कॉटन’ अरबी ‘क़ुत्न’वरून, फ्रेंचमधून. त्याच्याही तोंडाशी क़ाफ होता. युरोपात जाता जाता त्याचा ‘सी’ झाला, आणि स्क्रॅबलच्या फळीवर आज त्याचे आठच गुण होतात.