सहा कळांची वही

लेखनसाधनांचा इतिहास सांगताना आपण बोरू, टाक, छापखाना, टंकलेखनयंत्र आणि संगणक अशा पायऱ्या मोजत येतो. या पायऱ्या डोळस माणसाच्या आहेत. गेल्या दोनशे वर्षांत त्यांना समांतर अशी दुसरी एक वाट घडत गेली. ती बोटांनी वाचणाऱ्यांची. त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे अंध व्यक्तीला खांद्याला अडकवून कोठेही नेता येईल असे ब्रेल टिपणयंत्र. इंग्रजीत त्याला 'नोटटेकर' म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हे यंत्र अनेक अंध विद्यार्थ्यांची वही झाले. त्याची कथा सोयीची आहे खरी. परंतु तिच्या पोटात एक जुना प्रश्नही आहे. अंधांच्या लेखनाचे साधन कोणी घडवावे आणि त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा तो प्रश्न. त्याच्या अनुरोधाने ही कथा मांडण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ पॅरिसमध्ये करावा लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेंतँ अवी यांनी तेथे अंध मुलांसाठी शाळा काढली आणि कागदावर उठावाची रोमन अक्षरे छापून त्यांना वाचनाची वाट दाखविली. उपकार मोठा होता. पण ती अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. बोटांना ती हळूहळू उलगडत आणि अंध मुलाला ती स्वतःच्या हाताने लिहिता येत नसत. पुढे शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची एक लिपी या शाळेपुढे ठेवली. तीही एका बोटाखाली मावत नव्हती. त्याच शाळेतील लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्याने १८२४च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, बारांची सहा टिंबे केली. १८२९ मध्ये ती पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सहा टिंबांच्या एका घरातून त्रेसष्ट चिन्हे निघतात आणि ते घर बोटाच्या टोकाखाली नेमके बसते. डोळ्यांना न कळणारी लिपी अंधांना समाजापासून तोडील, अशी डोळस शिक्षकांची भीती होती. शाळेने ब्रेललिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये, म्हणजे ब्रेल यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

लिपी आली, तरी लिहिण्याचे कष्ट उरले. ब्रेल पाटीत कागद अडकवून टोकदार सळीने टिंबे पाडावयाची असतात. टिंब कागदाच्या मागच्या बाजूस उमटते. म्हणून लिहावयाचे उजवीकडून डावीकडे, चिन्हे उलटी करून, आणि वाचावयाचे कागद काढून, उलटवून. १८९२ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय येथील अंधशाळेचे प्रमुख फ्रँक हॉल यांनी सहा कळांचे यंत्र केले. १९५१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील पर्किन्स शाळेत डेव्हिड अब्राहम यांनी घडविलेले मजबूत यंत्र आले आणि ते जगभर पसरले. आता लिहिता लिहिता वाचता येऊ लागले. परंतु या यंत्राचे वजन जवळजवळ पाच किलो, आणि त्याचा खडखडाट साऱ्या वर्गाला ऐकू जाई.

याहून मोठी अडचण वेगळीच होती. डोळस लेखक शब्द खोडतो, समासात ओळ घालतो, बाण काढून परिच्छेद वर नेतो. लेखन म्हणजे बहुतांशी हीच खाडाखोड. जाड कागदावर उमटलेले टिंब फार तर नखाने दाबून सपाट करता येई. मध्ये एक वाक्य घालावयाचे तर सारे पान पुन्हा लिहावे लागे. म्हणजे ब्रेलमध्ये लिहिणाऱ्याला कच्चा खर्डा जवळजवळ नव्हताच. टिपणयंत्राने अंध लेखकाला प्रथम काय दिले असेल तर तो हा कच्चा खर्डा, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी ब्रेलला कागद सोडावा लागला. काही पदार्थांना विजेचा दाब दिला की ते किंचित वाकतात. अशा पदार्थाच्या बारीक पट्टीवर एक खिळी टेकवावी. पट्टीला सुमारे दोनशे व्होल्टचा दाब मिळताच खिळी वर येते, दाब काढताच खाली जाते. हाच टिंबाचा जन्म आणि लोप. १९७० नंतरच्या दशकात या तत्त्वावर युरोपात यंत्रे निघाली. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातील टेलिसेन्सरी या कंपनीचे 'व्हर्साब्रेल' आले. त्याच्या अंगावर टिंबांची वीस घरे होती आणि लिहिलेला मजकूर ध्वनिफितीच्या कॅसेटवर साठविला जाई. वीस घरांची एकशे वीस टिंबे, आणि प्रत्येक टिंबाला स्वतंत्र पट्टी. अशा यंत्रांच्या किमती सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर राहिल्या, त्याचे मोठे कारण हे.

या अडचणीला केंटकी राज्यात वेगळे उत्तर सापडले. तेथे अंधांसाठीच्या सरकारी सेवेत टिम क्रॅन्मर नावाचे अंध संशोधक होते. जपानी मणिचौकटीवरून त्यांनी अंधांसाठी केलेले गणनयंत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे सहकारी फ्रेड गिसोनी, तेही अंध, यांनी वेन टॉम्पसन यांच्या साह्याने १९८० नंतर 'पॉकेटब्रेल' हे छोटे यंत्र जुळविले. त्यासाठी खास पेटी घडविली नाही. व्हिडिओ कॅसेटचा प्लास्टिकचा डबा पुरला. उभ्या टिंबांचा खर्च त्यांनी टाळला: लिहावयाचे ब्रेलमध्ये, ऐकावयाचे यंत्राच्या आवाजात. क्रॅन्मर यांचा तरुणपणापासून परिचय असलेले अभियंते डीन ब्लेझी यांनी ही कल्पना उचलली आणि १९८७ मध्ये 'ब्रेल एन स्पीक' बाजारात आणले.

सुमारे आठ इंच लांब, चार इंच रुंद असे ते यंत्र होते. पडदा नाही, उभी टिंबे नाहीत, कळा सातच. सहा कळा सहा टिंबांच्या, सातवी मोकळ्या जागेची. अक्षरासाठी त्याची टिंबे एकदम दाबावयाची; तीच टिंबे मोकळ्या जागेच्या कळेसह दाबली की ते अक्षर न राहता आज्ञा होते. या जोडदाबीला वापरणारे 'कॉर्ड' म्हणत. हा शब्द संगीतातला, आणि पेटीवर एकाच वेळी अनेक सूर दाबणाऱ्याला त्यातील औचित्य सांगावयास नको. फाइल उघडणे, शब्द शोधणे, वाक्य पुसणे, मध्ये ओळ घालणे, सारे या सात कळांवर. वर्गात विद्यार्थी कोणाला त्रास न देता लिही आणि कानाला ध्वनिका लावून तपाशी. संक्षिप्त इंग्रजी ब्रेलचे साध्या इंग्रजीत रूपांतर यंत्रच करी. तारेने छपाईयंत्राला जोडले की डोळस शिक्षकाच्या हाती छापील निबंध पडे. लेखन एक, वाचक दोन प्रकारचे. सुरुवातीच्या यंत्रांतील स्मृती मात्र बॅटरीच्या आधाराने टिके. म्हणून शहाणा वापरकर्ता आपला मजकूर संगणकावर उतरवून ठेवी.

तीच तार संगणकालाही जोडता येई आणि हे छोटे यंत्र त्या मुक्या संगणकाची वाणी होई. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकातच अंध व्यक्ती संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायात उतरू लागल्या होत्या. त्यांना हे साधन विशेष उपयोगी पडले. आज्ञावलीचे लेखन निबंधाहून कठोर असते. एक कंस राहिला, एक अर्धविराम चुकला की सारे काम अडते, आणि भरभर वाचणारा आवाज नेमकी हीच चिन्हे गिळतो. म्हणून अशा लेखकांना उभी टिंबे हवी होती. १९९० नंतरच्या दशकात ब्लेझी यांनी 'ब्रेल लाइट' आणले, त्यात अठरा घरांची ओळ होती. बोट फिरताच न मिटलेला कंस सापडे. येथेही तडजोडी होत्याच. एका चिन्हात अनेक अक्षरे कोंबणारे संक्षिप्त ब्रेल येथे चालत नाही. एक अक्षर, एक घर असाच हिशेब ठेवावा लागतो. ओळीच्या आरंभी रचना दाखविण्यासाठी आठ मोकळ्या जागा सोडल्या की अठरांपैकी दहाच घरे उरतात. डोळ्यांना सुंदर वाटणारी मांडणी बोटांना उधळपट्टी वाटते, हे येथे लक्षात येते.

२००० मध्ये न्यूझीलंडमधील पल्स डेटा कंपनीचे 'ब्रेलनोट' आले. सारी कामे एकाच शिस्तीच्या सूचीतून करता यावीत, असा त्याचा आग्रह होता. नवख्याला ते सोपे जाई, पण बाहेरची आज्ञावली त्यात सहजी घालता येत नसे. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील फ्रीडम सायंटिफिकचे 'पॅक मेट' आले. त्यात इतरांनी लिहिलेल्या आज्ञावली बसविता येत, मात्र त्या ब्रेलला साजेशा असतीलच असे नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. काळाने तोल एका बाजूस झुकविला, असे आमचे मत आहे. बंद यंत्र त्याच्या कर्त्याच्या चालीने चालते. २०१६ मध्ये निघालेले 'ब्रेलनोट टच' अँड्रॉइडच्या २०१३ मधील आवृत्तीवर उभे होते. जन्मतःच ते तीन वर्षांचे होते. हजारो डॉलर मोजणाऱ्याला आतले एक वाक्यही बदलता येत नव्हते.

दरम्यान दुसरीकडे मोकळ्या आज्ञावलींची परंपरा रुजली. मोकळ्या म्हणजे कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतील अशा. लिनक्सच्या संगणकावर ब्रेलची ओळ चालविणारी 'बीआरएलटीटीवाय' १९९५ मध्ये सुरू झाली. मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणारी 'लिबलुई' २००२ मध्ये निघाली; तिच्या आद्य कर्त्यांपैकी जॉन बॉयर यांना दृष्टी आणि श्रवण दोन्ही नव्हते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टे या दोघा अंध तरुणांनी 'एनव्हीडीए' हे विनामूल्य पडदावाचक साधन उभे केले. या परंपरेत पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. चौदाव्या वर्षी दृष्टी गेली असता ते पुणे विद्यापीठ आणि मुंबईची आयआयटी असे शिकत अमेरिकेत कॉर्नेलला गेले. तेथे गणिताचे लेखन आवाजातून कसे मांडावे, या विषयावर त्यांनी १९९४ मध्ये प्रबंध पूर्ण केला. पुढे 'इमॅक्सपीक' हे बोलते साधन त्यांनी स्वतःच्या कामासाठी घडविले आणि इतरांना खुले केले.

या कथेत मराठीचे स्थान कोठे? वर सांगितलेली जुनी टिपणयंत्रे प्रामुख्याने इंग्रजीभोवती घडलेली होती. आपल्याकडील निरनिराळ्या ब्रेल पद्धतींच्या जागी १९५१ मध्ये भारती ब्रेल आले. त्यात भारतीय भाषांतील समान ध्वनींना समान चिन्हे असून, जेथे शक्य तेथे ती इंग्रजी अक्षरांशी जुळविली आहेत. 'कमल' हा शब्द भारती ब्रेलमध्ये लिहिला तर इंग्रजी यंत्र त्यास 'के, एम, एल' समजते. आवाज फसतो, पण ओळीवर उभी राहिलेली टिंबे मराठी वाचकाच्या बोटाला 'कमल' असेच सांगतात. टिंबांना भाषेचे बंधन नसते.

शुद्धलेखनाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच जाणवते. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'शिर' आणि 'शीर' यांतील भेद यंत्राच्या आवाजात कितीसा उरतो? ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे दुसरे आणि चौथे टिंब, दीर्घ ई म्हणजे तिसरे आणि पाचवे. बोट फसत नाही. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला शब्दाचा अर्थ मिळतो, रूप मिळत नाही. आपल्या लिपीच्या काही खोड्याही ब्रेलने सोडविल्या आहेत. छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतरच येते. उलट जोडाक्षराची खूण व्यंजनांच्या आधी येते. हे नियम रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला कोणीतरी अचूक सांगावे लागतात.

आता यंत्रांचे रूप पालटले आहे. २००९ पासून आयफोन बोलू लागला. २०१४ मध्ये ॲपलने आणि २०२० मध्ये अँड्रॉइडने फोनच्या काचेवरच बोटांनी ब्रेल लिहिण्याची सोय दिली. २०१९ मध्ये दिल्लीच्या आयआयटीच्या पुढाकाराने 'डॉटबुक' हे भारतीय यंत्र चाळीस आणि वीस घरांच्या दोन रूपांत प्रसिद्ध झाले. ज्यांना ब्रेल एन स्पीकच्या सात कळांची सवय होती, त्यांची कॉर्डची रीत नव्या यंत्रांतही टिकून आहे.

प्रश्न मात्र तोच आहे. लिबलुईमध्ये मराठीचे कोष्टक आहे आणि ते साध्या मजकुराची फाइल आहे. अमुक अक्षराला अमुक टिंबे, अशा ओळीमागून ओळी. त्यात चूक दिसली तर ती दाखविण्यास आणि सुधारण्यास कंपनीची परवानगी लागत नाही. लागते मराठीची जाण आणि ब्रेलचे ज्ञान. पहिली गोष्ट आमच्यासारख्या साहित्यसंस्थांकडे असावी अशी अपेक्षा असते; दुसरी आपल्याच गावातील एखाद्या अंध वाचकाकडे असते. ऱ्हस्व-दीर्घावर आपण सभागृहांत तासन्‌तास वाद घातले आहेत. त्यातला एक तास एखाद्या बोटांनी वाचणाऱ्या वाचकासोबत त्या कोष्टकाशेजारी बसून घालविला, तर तो कारणी लागेल.