लिली बूलांजे

आपला गवई मैफलीत बसून राग फुलवतो. युरोपात रचनाकाराने प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर आधी कागदावर उतरवायचा असतो. पाऊणशे वादकांचा ताफा असला की पानेच्या पाने लिहावी लागतात. हे काम बैठकीचे, अंगमेहनतीचे. आणि पॅरिसच्या लिली बूलांजेला अंगात बळ असे कधी लाभलेच नाही.

तिचा जन्म १८९३ चा. वडील तेव्हा ७७ वर्षांचे. तेही रचनाकार, आई गायिका. दोन वर्षांची असताना पोरीला न्यूमोनिया झाला आणि प्रकृती कायमची ढासळली. थोरली बहीण नादिया शिकायला जाई, तिच्यामागे ही जाई. जमेल तेव्हा शिकायचे, नाहीतर अंथरूण.

फ्रान्स सरकारचे 'रोम पारितोषिक' वडिलांनी १८३५ साली मिळवले होते. स्त्रियांना त्या स्पर्धेचे दार उघडले ते १९०३ मध्ये. नादियाला १९०८ साली दुसरे पारितोषिक मिळाले. १९१२ साली लिली बसली, पण आजाराने अर्ध्यावरच उठावे लागले. पुढच्या वर्षी पुन्हा बसली. स्पर्धकांना काही आठवडे एका वाड्यात जवळजवळ कोंडूनच ठेवत. दिलेल्या काव्याला तेवढ्यात संगीत द्यायचे. 'फाउस्ट आणि हेलन' ही तिची रचना पहिली आली. संगीतात हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री, वय वर्षे १९!

लगेच १९१४ चे महायुद्ध आले. दोघी बहिणींनी आघाडीवरच्या संगीतविद्यार्थ्यांना पत्रे नि मदत पाठवण्याचे काम अंगावर घेतले. त्याच काळात तिने एका बौद्ध प्रार्थनेला स्वर दिले. प्रार्थना 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथातली. हो, ज्याच्या संपादनासाठी आपले धर्मानंद कोसंबी पार अमेरिकेत जाऊन खपले, तोच हा ग्रंथ! पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण, सर्व प्राणिमात्र निर्वैर होवोत, असा तिचा भाव. तोफा धडाडत असताना या बाईला नेमके हेच शब्द सुचावेत, हे मला तिच्या पारितोषिकाहून मोठे वाटते.

वडिलांच्या स्मृतीला वाहिलेले १३० वे स्तोत्र तिने १९१७ मध्ये पुरे केले. खर्जातून, जणू विहिरीच्या तळातून ते वर येते. एक संगीतनाटक मात्र अपुरेच राहिले.

शेवटी लेखणी धरवेना. १९१८ मध्ये 'पिए जेझू' ही छोटी प्रार्थना तिने अंथरुणावरून सांगितली, नादियाने लिहून घेतली. एक उंच गळा, चार तंतुवाद्ये, हार्प, ऑर्गन, बस्स! आरंभी स्वर चाचपडतात, पुढे हळूहळू स्थिरावतात. १५ मार्च १९१८ ला ती गेली, वय २४. नादिया १९७९ पर्यंत जगली. स्वतःची रचना तिने पुढे जवळजवळ सोडून दिली. जगभरचे शिष्य शिकवले, आणि धाकटीचे संगीत स्वतः उभे राहून वाजवून घेतले.