एका दिवसाचे दोन कायदे

२१ ऑक्टोबर १९९८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका अवाढव्य खर्च-विधेयकावर सही केली. त्या विधेयकाच्या पोटात मुले आणि आंतरजाल यांविषयीचे दोन स्वतंत्र कायदे होते. त्यांची संक्षिप्त नावे इतकी सारखी, की आजही लिहिणाऱ्यांची गफलत होते : एक ‘कोपा’, दुसरा ‘कोप्पा’. पहिल्याला मुलांना अश्लील मजकुरापासून वाचवायचे होते. दुसऱ्याला मुलांची माहिती व्यापाऱ्यांपासून. संरक्षण आणि खासगीपणा ही दोन भावंडे अशी एकाच दिवशी जन्मली.

कोपा कधी अंमलात आलाच नाही. १९९६च्या कायद्यातील अशाच तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द केल्या होत्या. कोपालाही आरंभीच मनाई मिळाली आणि दहा वर्षांच्या वादानंतर जानेवारी २००९ मध्ये तो कायमचा निकालात निघाला. मुलांसाठी म्हणून घातलेले कुलूप मोठ्यांच्या वाचनालाही लागते, हा त्यावरचा मुख्य आक्षेप. अश्लीलतेच्या खटल्यांचा इतिहास शिकवणाऱ्यांना तो नवा वाटणार नाही.

कोप्पा मात्र जगला. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी आणि ती पडताळून पाहावी, असा त्याचा दंडक एप्रिल २००० पासून लागू झाला. पडताळणी खर्चाची आणि कटकटीची. तेव्हा बड्या संकेतस्थळांनी सोपी वाट काढली. तेरा वर्षांखालील कुणाला आमच्याकडे प्रवेशच नाही, असे त्यांनी जाहीर करून टाकले. मुलांनीही तितकीच सोपी वाट काढली : जन्मवर्ष खोटे घातले. खासगीपणा राखण्यासाठी केलेल्या कायद्याने आंतरजालावरचा पहिला धडा खोटे बोलण्याचा दिला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होऊ नये. शिवाय तेरा हा आकडा माहिती गोळा करणाऱ्यासाठी होता. कोणत्या वयात काय वाचावे याविषयी तो काहीच सांगत नव्हता. तरीही तो जगभर जाणतेपणाची वेस होऊन बसला.

भारताने २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात ही वेस अठरावर नेली. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास त्यात मनाई आहे, हे निःसंशय चांगले. परंतु सात वर्षांचे मूल आणि बारावीत कविता लिहिणारी मुलगी यांना तो एकाच मापाने मोजतो. दोघांच्याही वतीने बोलतात ते पालक. यामागचे गृहीत असे, की धोका बाहेर आहे आणि घर सुरक्षित. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वेगळे सांगतात : मुलांवरील बलात्काराच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो, कधी घरातलाही. अशा मुलीने घराबाहेर मदत शोधायची, तर आधी घराची परवानगी कशी मागायची? २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, तो हक्क मुलाचा की कुटुंबाचा, हे येथे विचारावेच लागते.

हा प्रश्न यंत्रांनी आणलेला नाही. मुंबईच्या रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्याला संमती होती, घरातल्या मोठ्यांची. पुढे नवऱ्याच्या घरी जाण्यास तिने नकार दिला आणि १८८४ मध्ये दादाजी भिकाजी कोर्टात गेला. त्या गदारोळात घराच्या खासगी व्यवहारात सरकारने पडू नये, असे पुष्कळांनी पुष्कळ लिहिले. खासगी म्हणजे घराचे; तिचे असे काही खासगी असू शकते, हे फार थोड्यांना सुचले. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर तिची दोन पत्रे आली. त्यांखाली तिचे नाव नव्हते. ‘एक हिंदू स्त्री’ एवढीच सही होती.