घर पोफळबागेचे : प्रस्तावना

कुवेंपुनगर हे म्हैसूरच्या दक्षिणेकडचे आखीव उपनगर. सरळ रस्ते, त्यांना छेदणारे 'क्रॉस' आणि तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटांवरची घरे. इथे प्लॉटला 'साइट' म्हणतात. बागायतदाराचे जुने घर पाहायचे तर इथून उठून शिवमोग्गा जिल्ह्यात, मलनाडात जावे लागते. पण या वस्तीला ज्याचे नाव दिले आहे तो कवी तशाच घरात वाढला, म्हणून या अभ्यासाचे दार इथून उघडणे सोयीचे.

कुवेंपु म्हणजे कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा (1904–1994). 1956 ते 1960 या काळात ते म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि कन्नडला पहिले ज्ञानपीठ त्यांच्या 'श्री रामायण दर्शनम्'मुळे मिळाले. तीर्थहळ्ळी तालुक्यातले त्यांचे कुप्पळ्ळीचे घर आता 'कविमने' या नावाने संग्रहालय झाले आहे. तीन मजली, कौलारू, मध्ये उघडी तोट्टी (अंगण), भोवती लाकडी खांब. लोक येतात, खांबांपुढे फोटो काढतात, कवीच्या वस्तू पाहतात आणि मागच्या टेकडीवरच्या कविशैलाकडे निघतात. यात गैर काही नाही. मात्र कवीचे घर म्हणून पाहिले की ते कशावर उभे राहिले हा प्रश्न बाजूला पडतो.

ते उभे राहिले सुपारीवर.

तोट्टी मने, म्हणजे मधल्या अंगणाभोवती बांधलेले घर, वाडा पाहिलेल्या मराठी माणसाला ओळखीचे वाटते. इथे घाई करू नये. पुण्यातल्या वाड्याचा चौक भररस्त्यावरच्या घराला आडोसा देतो. मलनाडातल्या घराला शेजारच नसतो, भोवती जंगल आणि खाली बाग. याच तालुक्यातल्या आगुंब्याला वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हा छपराचा तीव्र उतार, भिंतीपासून लांब पुढे आलेल्या वळचणी, जमिनीपासून उचललेले जोते, ही सारी आधी पावसाची मागणी, सौंदर्याचा विचार नंतर. कौलांवरून काळाचा अंदाजही बांधता येतो. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, त्यामुळे यंत्रावर पाडलेली मंगळुरी कौले दिसली की ते छप्पर त्यानंतरचे. भिंती आणि खांब मात्र त्याहून कितीतरी जुने असू शकतात. नवशिके अभ्यासक नेमके इथे फसतात.

बाकीचा आराखडा सुपारी ठरवते. मलनाडात पोफळे हिरवी असतानाच उतरवतात. मग बायका लाकडी बैठकीला पाते बसवलेल्या मेट्टुगत्तीवर (आपल्या विळीचीच ही बहीण) रात्री उशिरापर्यंत ती सोलतात. सोललेली सुपारी मोठ्या हंड्यांत उकळायची आणि अंगणात वाळवायची. म्हणजे सोलायला छप्पर हवे, चुलाणाला जागा हवी, उन्हाला सपाट अंगण हवे आणि वाळलेला माल ठेवायला कोरडा माळा हवा. ही यादी हातात घेऊन घरात शिरा. ज्या जागा उगाच मोठ्या वाटतात त्यांचे प्रयोजन कळू लागेल. पावसाळ्यात घडांवर कोळेरोग पडतो. म्हैसूर संस्थानातले शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी त्यावरचा अभ्यास 1910 मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे बोर्डो मिश्रणाची फवारणी रुळली. त्याआधी घडांना टोपरी बांधत. बांधणारा माणूस भर ओलीत त्या सरळसोट खोडावर चढे.

तो माणूस राहत कुठे होता?

माझ्या मते या विषयाची खरी कसोटी इथे आहे. तोट्टी मनेच्या नकाशांत जगली, म्हणजे पुढची ओसरी, मापासकट असते. मजुरांच्या झोपड्या बहुधा नसतात. जगलीवर कोण बसे, अंगणात कोण उभा राही आणि अंगणाच्या बाहेरूनच हाक कोण मारी, हे जातीने ठरलेले होते. ते लाकडावर कोरलेले नाही. ते कुवेंपुंच्या दोन कादंबऱ्यांत सापडते. 'कानूरु हेग्गडिती' (1936) मध्ये जमीनदाराचे घर आहेच, शिवाय घाटाखालून मजुरांच्या टोळ्या आणणारा सेरेगारही आहे. 'मलेगळल्ली मदुमगळु' (1967) मधला गुत्ती हा जीतावर, म्हणजे कर्जापोटी, राबणारा दलित. तिम्मीशी लग्न करायचे तर दोघांच्या वेगवेगळ्या धन्यांचा प्रश्न आडवा येतो. कादंबरीला कागदपत्र समजू नये हे खरे. तरी धन्याच्या घरात वाढलेल्या माणसाने झोपडीच्या आतून लिहिणे हा दुर्मीळ पुरावा आहे, आणि मोजपट्टीइतकाच तो कामाचा आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या मळ्यांच्या घरांबाबत असेच झाले. पांढरे खांब आणि रुंद व्हरांडे यांवर पुस्तके निघत राहिली. जॉन मायकेल व्लाच यांनी 'बॅक ऑफ द बिग हाउस' (1993) मध्ये मागल्या बाजूच्या गुलामांच्या खोपटांना, स्वयंपाकघरांना आणि कोठारांना वास्तुशास्त्राचा विषय केले. लुइझियानातला व्हिटनी मळा 2014 मध्ये खुला झाला तो मालकाचे नव्हे, गुलामांचे संग्रहालय म्हणून. जीत आणि ती गुलामगिरी एक नव्हेत. तिथे माणूस बाजारात विकला जाई, इथे कर्ज आणि जात त्याला बांधून ठेवत. पद्धत मात्र उसनी घेण्यासारखी आहे.

मराठी अभ्यासकाला तर दूर जायलाही नको. कोकणातला खोत आणि त्याचे घर आठवावे. चरीचा शेतकरी संप 1933 ते 1939 चालला, डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि कायदा 1949 मध्ये झाला. इकडे सागर तालुक्यात कागोडूचा कुळांचा सत्याग्रह 1951 चा, कुळांना जमीन देणारी देवराज अर्स यांच्या काळातली दुरुस्ती 1974 ची आणि वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा 1976 चा. श्री. ना. पेंडशांचे 'तुंबाडचे खोत' ज्याने वाचले त्याला कानूरुच्या घरात परके वाटणार नाही. या दोन प्रदेशांतल्या घरांचा जोडीने अभ्यास व्हायला हवा, आणि तो मराठी-कन्नड दोन्ही जाणणाऱ्या सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी केला तर उत्तम.

या अभ्यासात येणाऱ्यांना एकच विनंती. घर मोजायला जाल तेव्हा आधी बागेच्या कडेला, जिथे झोपड्या होत्या तिथे जा. 1976 पूर्वी जीतावर राबलेले लोक आता वृद्ध आहेत. खांब आणखी काही वर्षे थांबतील. या वृद्धांशी बोलणे आधी उरका आणि नकाशावर त्या झोपड्यांची जागा मापासकट दाखवा.

— कुवेंपुनगर, म्हैसूर