पहाटे ४ वाजून २१ मिनिटे

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरण टिकले, म्हणून पाटण, कऱ्हाड आणि पुढे कृष्णाकाठची सांगली वाचली. पण धरण धडधाकट राहिले नव्हते. त्याच्या अंगात भेग पडली होती आणि तिच्यातून पाणी पाझरत होते. त्या पहाटेचा आणि त्या गळतीचा हा घटनाक्रम.

पाच वर्षे आधी
१९६२ मध्ये हेळवाकजवळ कोयनेचे पाणी अडू लागले, शिवसागर जलाशय भरू लागला. त्याच सुमारास जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागले, लहान हादरे जाणवू लागले. दख्खनचा कातळ भूकंपाच्या दृष्टीने स्थिर, असा तेव्हाचा समज होता. धरणाची आखणी करताना भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या पाच टक्के धरला होता.

तीन महिने आधी
१३ सप्टेंबर १९६७. पाचाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. भिंत शाबूत राहिली.

आदली रात्र
रविवार, १० डिसेंबर. भिंतीची उंची १०३ मीटर, तिला टेकलेले पाणी नव्वदेक मीटर खोल. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत दगडी भिंतींची घरे. भिंती जाडजूड, पण हादऱ्यात एकमेकींना धरून ठेवील असे त्यांच्यात काही नाही. थंडीमुळे माणसे दारे लावून आत निजलेली.

पहाटे ४ च्या सुमारास
चंद्र मावळून गेला होता. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक त्वरणमापक बसवलेला होता. हादरा बसला की आपोआप सुरू होणारे हे यंत्र.

४:२१
सुमारे साडेसहा तीव्रतेचा भूकंप, आणि त्याचे केंद्र धरणाच्या जवळच. जमीन जोरात हलली ती काही सेकंदच. गॅलरीतल्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के आणि आडव्या दिशेने ४९ टक्के त्वरण नोंदवले. कोयनानगरातली बहुतेक घरे पडली. सुमारे १८० माणसे दगावली, त्यातली कित्येक झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली.

पुढची काही मिनिटे
सह्याद्रीच्या पोटातले पोफळीचे वीजघर बंद पडले. तिकडे मुंबईची वीज गेली.

उजाडल्यावर
भिंत उभी होती. पण सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागात, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, आडव्या भेगा दिसल्या. भिंतीचा मागचा उतार नेमका तिथे एकदम बदलतो. हादऱ्याचा ताण त्याच बाकावर एकवटला होता. काही ठिकाणी त्या पातळीवर मागच्या अंगाला पाणी झिरपत होते. समोरच्या अंगाला भेग होती ती पंचवीसेक मीटर पाण्याखाली, नजरेआड. मागची ओल मात्र सांगत होती की पाण्याला आतून वाट मिळाली आहे.

त्यानंतर
धरण लगेच कोसळेल अशी स्थिती नव्हती. तरीही नुसते लिंपून काम भागवले नाही. जलाशयाची पातळी उतरवून भेगा तपासण्यात आल्या. त्यांत इपॉक्सी दाबाने भरली. माथ्यावरून भोके पाडून भेगेच्या पार खाली पोलादी केबल नेल्या आणि त्या ताणून वरचा व खालचा भाग आवळून धरला. मग मागच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम टेकू उभे केले. हे काम १९७३ पर्यंत चालले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण तर या शतकात झाले.

गळती कुठे दिसते आणि कुठून येते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसते ती जागा बुजवली की पाणी दुसरी वाट शोधते. कोयनेवर मूळ शोधले, कारण भिंतीत माणसाला आत शिरून पाहता येईल अशा गॅलऱ्या आधीच ठेवलेल्या होत्या, आणि ओल दिसताच पाणी उतरवण्याची तयारीही होती.

सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर, चिपळूण तालुक्यात, तिवरे धरणाच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री ते धरण फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. तिथे भूकंप झाला नव्हता. गळती लोकांना दिसत होती, तिचे मूळ शोधून दुरुस्ती वेळेत झाली नाही.

म्हणून धरणाखालच्या प्रत्येक गावाने एक हक्क मागायला हवा: आपल्या डोक्यावरच्या भिंतीतून रोज किती पाणी पाझरते, तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. तो अचानक वाढला, तर उत्तर मिळेपर्यंत गावाने गप्प बसू नये.