बर

आयर्लंडच्या मध्यभागी, ऑफली परगण्यातील छोटे गाव. सहाव्या शतकात संत ब्रेंडन यांनी येथे मठ स्थापला; ६९७ मधील येथील धर्मसभेने युद्धात स्त्रिया, मुले व धर्मगुरूंना अभय देणारा कायदा संमत केला. पुढे जमीनदार पार्सन्स घराण्यावरून गावाला पार्सन्सटाउन म्हणू लागले. खरी ख्याती मात्र दुर्बिणीची. तिसरे अर्ल ऑफ रॉस विल्यम पार्सन्स यांनी वाड्याच्या आवारातच धातू ओतून, घासून १.८ मीटर व्यासाचा आरसा घडवला. १८४५ मध्ये त्यांना या दुर्बिणीतून एम ५१ दीर्घिकेचा सर्पिल आकार दिसला. ढगाळ, पावसाळी मुलखात हा खटाटोप धाडसीच! १९१७ पर्यंत याहून मोठ्या व्यासाची दुसरी दुर्बीण झाली नाही. १८६९ मध्ये याच घराण्याच्या वाफेच्या गाडीखाली सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासक मेरी वॉर्ड मरण पावल्या. स्वयंचलित वाहनाचा हा बहुधा पहिला ज्ञात बळी.