सहा वर्षांची वाट

अमेरिकेत गुन्हा सिद्ध झालेल्यांना बंदुकीचा हक्क परत मागण्याची सोय १९६५मध्ये झाली, ती कुणा गरिबाच्या कळवळ्याने नव्हे. विंचेस्टर बंदुका बनवणारी ऑलिन मॅथिसन कंपनी औषधांच्या व्यवहारातील लाचप्रकरणी दोषी ठरली आणि १९३८च्या शस्त्रकायद्यामुळे तिचा बंदुकांचा धंदाच धोक्यात आला. संसदेने अर्जाची तरतूद केली. शस्त्र वापरून गुन्हा केल्याबद्दल किंवा संघराज्याचे शस्त्रकायदे मोडल्याबद्दल शिक्षा झालेल्यांना मात्र तीतून वगळले. १९८६च्या दुरुस्तीने त्यांनाही वाट मिळाली, आणि १९९२मध्ये संसदेने व्यक्तींच्या अर्जांच्या छाननीचा निधीच बंद केला. कलम पुस्तकात राहिले, अर्ज वाचणारे उरले नाहीत. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की अर्ज प्रत्यक्ष फेटाळलेला नसेल तर न्यायालयाला त्यात पडता येणार नाही. संघराज्याच्या न्यायालयांत दोषी ठरलेल्यांना मग राष्ट्राध्यक्षांच्या माफीचाच काय तो आधार राहिला.

चुकीच्या हाती बंदूक गेली तर माणसे मरतील, हा निधी रोखणाऱ्यांचा मुद्दा होता. तो खोटा नाही. हक्क परत मिळालेल्यांपैकी काहींनी पुन्हा गुन्हे केलेही. पण त्यातून छाननी कडक करण्याची गरज सिद्ध होते, ती बंद करण्याची नव्हे. माफी देताना राष्ट्राध्यक्षांना कारण सांगावे लागत नाही, नकारावर अपील नसते; म्हणजे धोका तोलण्याचे काम नियमाकडून मर्जीकडे गेले, आणि ओळखीपाळखी नसलेला सुधारलेला माणूस सर्वांत मागे पडला. मार्च २०२५मध्ये न्याय खात्याने अर्ज तपासण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊन ती प्रक्रिया पुन्हा सुरू करायला घेतली.